रात्री 12.40 ला मला माहीत होतं

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास इस्त्रीवाले मामा खाली गेटपाशी भेटले. हातात काठी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. म्हणाले, "दादा, मोकळे असला तर येता का जरा नदीपर्यंत? टेबल कुठं अडकलंय का बघून येऊ."

मी मोकळाच होतो. पण गेले तीन दिवस मी मामांना टाळत होतो, आणि का टाळतोय हे त्यांना माहीत नव्हतं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, म्हणून निघालो.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, मुठेच्या काठाजवळच्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. 25 जुलै 2024 च्या पहाटे आमच्या भागात नदीचं पाणी शिरलं. एकता नगरीचे व्हिडिओ तुम्ही तेव्हा पाहिले असतील: बुडालेल्या गाड्या, रबरी बोटी, मदतीला आलेले लष्कराचे जवान. आमची सोसायटी तिथून फार लांब नाही. आमच्या पार्किंगमध्ये छातीइतकं पाणी होतं. सहाव्या मजल्यावरच्या माझ्या घरात काहीच झालं नाही. दोन दिवस लाइट नव्हती, लिफ्ट बंद होती, एवढंच.

मामा राहतात सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. खोलीच्या पुढे छपराखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे सहा फुटी लाकडी टेबल, त्यावर जुन्या घोंगड्यांचे थर, कोळशाची पितळी इस्त्री आणि मागे फळीवर गठुडी. प्रत्येक गठुड्यावर फ्लॅट नंबरची चिठ्ठी. इस्त्री जड, ती चिखलात जागच्या जागी सापडली. टेबल मात्र तरंगत गेलं.

आता बुधवारी रात्रीचं सांगतो.

त्या रात्री ऑफिसचं काम उशिरापर्यंत चालू होतं. 12.40 ला सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. कुणीतरी कुठून तरी पुढे ढकललेला: खडकवासल्यातून विसर्ग वाढवणार आहेत, नदीकाठच्यांनी सावध राहावं. खाली दोघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकाने लिहिलं, 'दर वर्षीचंच आहे.' ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत.

मी खिडकी उघडली. पाऊस धो धो चालला होता आणि पावसाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, जाडसर, न थांबणारा. मी किल्ली घेतली, खाली गेलो, माझी बाइक काढली आणि वरच्या अंगाला मुख्य रस्त्यावर एका मेडिकलसमोर नेऊन लावली. बाइकचे तीन हप्ते राहिलेत. मग भिजत चालत परत आलो. मामांची खोली माझ्या वाटेवरच आहे. दिवा बंद होता, दाराबाहेर रबरी चपलांचे दोन जोड होते. तिथे मी क्षणभर थांबलो असं लिहायला मला आवडेल, पण थांबल्याचं आठवत नाही. वर आलो, डोकं पुसलं, सव्वा वाजता झोपलो.

पहाटे आरडाओरड्याने जाग आली तेव्हा खाली पार्किंग दिसत नव्हतं. मामा आणि मामी पहिल्या मजल्याच्या जिन्यात उभे होते. मामींचा हात झोपेत खाटेवरून खाली आला, तो पाण्यात. त्यामुळे त्यांना जाग आली. तेवढ्यात जे हाताला लागलं ते घेऊन दोघं निघाले: गॅसचं पुस्तक, आधार कार्डं, एक रिकामा डबा. रिकामा डबा का घेतला ते मामींना अजून सांगता येत नाही.

*

गल्लीतून नदीकडे जाताना दोन्ही बाजूंना ढीग होते. भिजलेल्या गाद्या, फुगलेल्या प्लायची कपाटं, दार उघडं टाकलेला एक फ्रीज, मुलांच्या वह्या. चिखल सुकायला लागला होता आणि त्याला सांडपाण्याचा आणि डिझेलचा मिळून एक वास होता, तो पुढे आठवडाभर नाकातून गेला नाही. भिंतींवर पाण्याची रेघ सरळ होती, पट्टीने मारल्यासारखी. दुकानाचं शटर, एटीएम, दत्ताचं छोटं देऊळ, सगळ्यांवर एकाच उंचीवर.

मामा काठीने ढीग उपसून बघत होते. लाकूड दिसलं की थांबायचे.

मी मूळचा लातूरचा. पाण्याने नुकसान होतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. अनुभवातून पाणी म्हणजे नसणारी गोष्ट. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सगळ्यांत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी. गावात त्या गाडीचं केवढं अप्रूप होतं.

आता मुठेचं गणित बघा. पुण्याच्या वर चार धरणं आहेत: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चारांत मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी मावतं, पण सगळ्यात खालच्या खडकवासल्यात त्यातलं जेमतेम 2 टीएमसी. वरच्या तिघांनी सोडलेलं पाणी आणि मधल्या डोंगरांवरचा पाऊस, सगळं त्याच्याकडेच येतं. ते भरलं की पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. त्या पहाटे विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात होता. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. हिशोब केला तर सेकंदाला जवळजवळ 10 लाख लिटर. लातूरची ती अख्खी रेल्वे अर्ध्या सेकंदात संपली असती.

हा हिशोब मी गुरुवारी दुपारी, लाइट नसताना, मोबाइलच्या उरलेल्या चार्जिंगवर केला आणि पोस्ट टाकली. पोस्टच्या शेवटी ठळक अक्षरात विचारलं होतं: 'एवढं पाणी येणार हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी झोपलेल्या माणसांना उठवलं का नाही?' पोस्ट चांगली चालली. तीनशेच्या वर लाइक आले. लोकांनी खाली चिडून लिहिलं. मी प्रत्येकाला उत्तर देत होतो. ज्यांना माहीत होतं त्यांच्यात मी होतो, हे मला संध्याकाळी कधीतरी लक्षात आलं. तेव्हा मामी खाली पार्किंगमध्ये बसून लोकांचे शर्ट धूत होत्या.

पोस्ट मी काढून टाकली नाही. प्रश्न बरोबरच होता आणि अजून आहे. मोठ्या यंत्रणांनी लोकांना वेळेवर उठवलं पाहिजे, ते त्यांचं काम आहे, त्यासाठीच त्या आहेत. पण तोच प्रश्न छोट्या मापात माझ्याकडेही येतो, आणि वरच्या कुणाचं चुकलं म्हणून माझ्यापुरता तो रद्द होत नाही.

*

नदीकाठी आलो. पाणी उतरलं होतं, तरी नदी नेहमीपेक्षा दुप्पट रुंद आणि चहाच्या रंगाची. काठावरच्या सुबाभळींना, बाभळींना आमच्या डोक्याच्या वर प्लास्टिकच्या पिशव्या आणि कपड्यांच्या चिंध्या लटकत होत्या. विठ्ठलवाडीच्या देवळाकडून राजाराम पुलाच्या दिशेने आम्ही चाललो होतो. एरवी वीस मिनिटांचं चालणं. त्या दिवशी चिखल आणि काट्यांमुळे तास लागला.

रविवार असल्याने पूर बघायला आलेली माणसंही होती. बाळाला कडेवर घेतलेली, कणीस खाणारी, फोटो काढणारी. मला त्यांचा राग आला नाही. दर वर्षी भिडे पूल पाण्याखाली गेला की निम्मं पुणं बघायला जातं, त्यात मीही गेलेलो आहे.

मामा म्हणाले, "पानशेतच्या टायमाला माझा चुलतसासरा शनवारात होता. बारकं पोर. तो सांगायचा, लोकं पळाली म्हणून वाचली. दिवस होता ना."

12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फोडलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. गोखलेनगरसारख्या वसाहती त्यानंतर पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. फुटण्याआधी जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास तगवलं होतं. त्या तासांनी धरण वाचलं नाही, पण शहराला रात्रीऐवजी दिवस मिळाला. दिवसा पाणी दिसतं, ऐकू येतं, गल्लीतलं कुणी पळताना दिसलं तर आपणही पळतो. झोपलेल्या माणसाला मात्र यातलं काहीच मिळत नाही. त्याला कुणीतरी उठवावं लागतं.

मामांनी 'दिवस होता ना' म्हटल्यावर मला आणखी टाळता आलं नाही. मी म्हणालो, "मामा, बुधवारी रात्री मला कळलं होतं. साडेबाराच्या पुढे. मेसेज आला होता पाणी सोडणार म्हणून."

ते काठी टेकून थांबले. "मग काय केलं तुमी?"

"गाडी काढून वर मेडिकलपाशी लावली."

"म्हणजे तो आवाज तुमच्या गाडीचा." त्यांनी मान हलवली. "मला आला आवाज. मामी म्हणली बी, एवढ्या पावसात कोण निघालं. म्हणलं, आयटीवाले असतील, त्यांच्या कामाला काय टाइम नसतंय. झोप तू."

मी काहीच बोललो नाही. ते परत चालायला लागले. पाच-सहा पावलांनी म्हणाले, "पण तुमी तरी कशाला उठवणार. तुमाला तरी कुठं म्हायती, एवढं येईल म्हणून."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. 'हो ना मामा' म्हटलं असतं की विषय संपला असता. आणि ते अर्धं खरंही होतं. छातीइतकं येईल असं खरंच वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, "गाडी हलवण्याइतकं माहीत होतं."

*

या एका वाक्यापाशी मी गेले काही आठवडे अडकलोय, म्हणून हा लेख.

नीतीच्या प्रश्नांवर वाचताना पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचं 1972 सालचं उदाहरण हमखास भेटतं. तुम्ही चालला आहात, उथळ तळ्यात एक मूल बुडतंय, तुम्ही उतरलात तर वाचेल, फक्त कपडे खराब होतील. उतरायला हवं की नको? सगळे म्हणतात, अर्थातच हवं. मग सिंगर विचारतो, दूरच्या देशात भुकेने मरणाऱ्या मुलाबाबत तुमचं उत्तर का बदलतं? मुद्दा असा, की फार काही न गमावता मोठं वाईट टाळता येत असेल तर ते टाळणं आपलं कर्तव्य आहे, आणि अंतराने त्यात फरक पडत नाही.

मला हे उदाहरण कायम पटलेलं आहे. पण माझ्या बाबतीत अंतर नव्हतं, मी दारावरून गेलो. किंमतही नव्हती, कपडे आधीच भिजलेले होते. तरी मी दार वाजवलं नाही. माझ्या आड काहीतरी वेगळंच आलं, आणि ते काय होतं हे शोधताना मला दोन गोष्टी सापडल्या.

पहिली म्हणजे ग्रुप. 1968 मध्ये डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांशी यंत्रावरून बोलायला लावलं. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज, जो खरं तर रेकॉर्ड केलेला होता. हा आवाज आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी 85 टक्के माणसं बोलणं संपायच्या आत मदतीसाठी बाहेर आली. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातली फक्त 31 टक्के. माणसं दगडासारखी बसली होती असं नाही. ती अस्वस्थ होती, हात थरथरत होते. पण कुणीतरी उठलं असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली, एकाच तारेवर ऐकणारी माणसं. आमच्या ग्रुपवर तर दोनशे होती.

माझ्या कामात हे आम्हाला चांगलं ठाऊक असतं. सर्व्हर बंद पडला तर रात्री अलर्ट जातो तो टीमला जात नाही, एका माणसाला जातो. त्या आठवड्यात ऑन-कॉल कोण, हे नाव ठरलेलं असतं. त्याने ठरलेल्या मिनिटांत 'मी बघतोय' असं बटण दाबलं नाही तर फोन पुढच्याला जातो. सगळ्यांना पाठवलेला अलर्ट कुणीच बघत नाही, हे नवीन आलेल्या पोरालाही पहिल्या महिन्यात कळतं. लोकांची खरेदी दहा मिनिटं अडू नये म्हणून आम्ही एवढी काळजी घेतो. आणि त्याच व्यवसायातला मी, दोनशे जणांच्या ग्रुपवर पाण्याचा मेसेज वाचून गृहीत धरलं की मामांना कळलं असेल. मामा त्या ग्रुपवर नाहीत. ग्रुप फ्लॅटवाल्यांचा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खात्री. पुरेशी खात्री नव्हती असं मी स्वतःला तीन दिवस सांगत होतो. पाणी आलंच नसतं तर? पावसात रात्री एक वाजता म्हाताऱ्या माणसांना उठवून गठुडी जिन्यात चढवायला लावली असती, आणि सकाळी सगळे हसले असते. ही भीती खरी होती, मी ती नाकारत नाही.

पण हा युक्तिवाद माझी बाइक टिकू देत नाही. खात्री नव्हती तर बाइक का हलवली? बाइकसाठी 'कदाचित' पुरलं. मामांसाठी मला 'नक्की' हवं होतं. एकच मेसेज, एकच खिडकी, एकच आवाज. आणि पुराव्याची दोन मापं.

इथे मला एक साधी कसोटी हाती लागली असं वाटतं. जेवढ्या खात्रीवर मी स्वतःचं काही वाचवायला हललो, तेवढी खात्री शेजाऱ्याला सांगायला पुरेशी आहे. त्याहून जास्त मागितली तर ती सबब आहे. जगातल्या प्रत्येक संकटाला धावून जा असं ही कसोटी म्हणत नाही. ते मला जमणार नाही आणि मी करणारही नाही. ती एवढंच विचारते: तुला कळलं, तू स्वतःसाठी काहीतरी केलंस, तेच पाणी ज्याच्याकडे येणार आहे आणि जो हाकेच्या अंतरावर आहे, त्याला सांगितलंस का?

कायद्याने मला कुणी काही विचारणार नाही. मी धरण बांधलं नाही, पाणी सोडलं नाही, मामांना तिथे राहायला सांगितलं नाही. पण निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे मी घर भाड्याने घेतानाच शोधलं होतं आणि म्हणून सहावा मजला घेतला होता. नकाशा इंटरनेटवर होता, विसर्गाचे आकडे मोबाइलवर होते, मेसेज ग्रुपवर होता. माहिती सगळीकडे होती, फक्त पत्र्याच्या खोलीत नव्हती. तिथपर्यंतची शेवटची तीस पावलं कुठल्याही यंत्रणेत बसत नाहीत. ती माझ्या वाटेवर होती.

*

मामांनी माझं वाक्य ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. रागावलेत का ते कळत नव्हतं. काठीने ते एका झुडपात अडकलेली फळी ओढत होते. ती टेबलाची नव्हती, कुणाच्या तरी पलंगाची होती. शेवटी म्हणाले, "उठवलं असतं तर कपडे वर नेले असते. वही नेली असती. टेबल काय नेता आलं नसतं. ते जायाचंच होतं."

बस, एवढंच. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही मागितली नाही. काय वाचलं असतं आणि काय नाही, याचा त्यांनी हिशोब सांगितला. तो ऐकताना मला माफीपेक्षा जड वाटला, कारण त्यात माझ्या वाट्याचं नेमकं किती हे स्पष्ट होतं: सत्तेचाळीस गठुडी आणि एक वही.

वहीत कुणाचे किती बाकी ते लिहिलेलं होतं. महिनाअखेर असल्याने बहुतेकांचे बाकीच होते. आता मामांकडे काही पुरावा नाही. ज्याला जे आठवेल ते तो देईल. कपडे मामींनी तीन-तीनदा धुऊन, वाळवून, ज्याचे त्याला पोचवले, धुण्याचे पैसे न घेता. पण वहीचं तसं करता येत नाही.

परत येताना मी आईबद्दल सांगितलं. लातूरला टंचाईच्या दिवसांत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. एकदा पहाटे तीनला आला. आईला पहिल्यांदा आवाज आला. तिने मला उठवलं, आमच्या दोन घागरी आणि टाकी रांगेत लावली, आणि मग गल्लीतली दारं वाजवत सुटली. मी तिला विचारलं होतं, सगळ्यांना उठवलंस तर आपल्याला कमी येईल ना? ती म्हणाली, "आधी आपली लावली की." तेव्हा मला ते हुशारीचं उत्तर वाटलं होतं. आता वाटतं, तिने क्रम बरोबर लावला होता. आधी आपलं बघणं यात पाप नाही. बाइक आधी हलवली याचं मला आजही काही वाटत नाही. परतीच्या वाटेवर दार होतं, ते मी वाजवलं नाही, एवढंच आहे.

मामा म्हणाले, "बार्शीला आमच्याकडं बी तसंच. टँकर आला की पहिली बाई बोंबलत सुटायची." आणि हसले. त्या तासाभरातलं पहिलं हसू.

राजाराम पुलापर्यंत गेलो, पलीकडे वाकून पाहिलं, टेबल कुठेच नव्हतं. पुलावर उभं राहून मामा पाण्याकडे बघत म्हणाले, "पार गेलं असंल आता भिगवणला." मुठा पुढे मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीच्या धरणात. म्हणजे टेबल खरोखर त्यांच्याच सोलापूर जिल्ह्याकडे निघालं होतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना बरं वाटलं असावं.

त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत, पाण्यातून हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. त्यांना मी ओळखत नव्हतो आणि त्यांच्यासाठी मला काही करता आलं असतं असंही नाही. पण ती बातमी वाचल्यापासून मला एक गोष्ट कळते: मामांचं प्रकरण टेबल आणि वहीवर संपलं, यात माझं काही कर्तृत्व नाही. मामींचा हात झोपेत खाटेखाली आला म्हणून. मी जे केलं नाही ते दोन्ही शक्यतांत तेवढंच होतं. परिणाम छोटा निघाला म्हणून चूक छोटी होत नाही.

*

घरी आल्यावर मी खालच्या सहा दारांची यादी केली: मामा, वॉचमन, तळमजल्यावरचे तीन फ्लॅट आणि मागच्या गल्लीतला दूधवाला. मामांना म्हटलं, तुमचा नंबर द्या, फोन करत जाईन. ते म्हणाले, "फोन नको, रात्री मी बंद करून ठेवतो. दार वाजवा."

पुढच्याच रविवारी, 4 ऑगस्टला, पुन्हा विसर्ग वाढवल्याचे मेसेज यायला लागले. संध्याकाळची वेळ होती. मी बाइक मेडिकलपाशी लावली आणि परत येऊन दारं वाजवायला सुरुवात केली. सोपं वाटलं होतं, पण नव्हतं. पहिल्या दारापाशी मला शब्द सुचेनात. काय म्हणायचं? मी कोण सांगणारा? तळमजल्यावरच्या एका काकांनी दार अर्धं उघडून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, आम्ही टीव्ही बघतो." दुसऱ्या घरातल्या आजी एकट्याच होत्या, मुलगा बाहेरगावी. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांची औषधं आणि एक पिशवी घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

मामांचं दार शेवटचं. त्यांनी गठुडी आधीच बांधून जिन्यात चढवली होती. दोन माणसांनी लागलीच उचलावं असं टेबल आता त्यांच्याकडे होतं: सोसायटीच्या क्लब हाउसमधल्या मोडक्या टेबल टेनिसच्या टेबलाचा अर्धा भाग. मधली पांढरी रेघ अजून दिसते. मामांना कुणी आधीच सांगितलं होतं का, ते मी विचारलं नाही. आम्ही दोघांनी ते उचलून पहिल्या मजल्यावर नेलं.

त्या रात्री पाणी आमच्या गेटपर्यंत आलं आणि थांबलं. सकाळी काका भेटले तेव्हा म्हणाले, "बघा, उगाच घाबरवलंत."

मी म्हटलं, "हो काका. पुढच्या वेळी पण वाजवीन."

मग मामांकडे गेलो. जुलैचे माझे तेवीस कपडे बाकी होते. तेवढे सांगितले, तेवढ्याचे पैसे दिले. मामांनी नवीन वहीच्या पहिल्या पानावर माझा फ्लॅट नंबर लिहिला आणि पुढे रेघ मारली.